बद्रीनाथकाकांची निगेटिव्हं

आमच्या उस्मानपुऱ्यातल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर बद्रीनाथकाका राहतात. वय एकाहत्तर. अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, खिशाला दोरीनं बांधलेलं भिंग, आणि समोरचा माणूस बोलता बोलता खिडकीकडं वळला की "हां, असंच थांबा" म्हणायची सवय. चाळीस वर्षं गुलमंडीच्या एका बोळात त्यांचा फोटो स्टुडिओ होता. शहरातली आणि भोवतालच्या खेड्यांतली इतकी लग्नं त्यांनी काढली आहेत, की त्यांच्याबरोबर भाजी आणायला गेलं तर अर्धा तास जास्त धरावा लागतो. कुणीतरी थांबवतंच, "काका, ओळखलं का? माझ्या हळदीला तुमचा फ्लॅश फुटला होता."

पण माहीतगार लोक त्यांच्याकडं यायचे ते वेगळ्याच कामासाठी. काका फोटोतला माणूस नाहीसा करायचे. ऐन मंगलाष्टकांत मध्ये घुसलेला बनियनवरचा आचारी, वाटण्या झाल्यावर नकोसा झालेला चुलत भाऊ, मोडलेल्या सोयरिकीतला नवरदेव. फिल्मच्या काळात ते निगेटिव्हची वेगळी प्रत करून तिच्यावर ब्लेड आणि पेन्सिल चालवायचे. पुढं संगणक आला. माणूस जायचा आणि त्याच्या जागी मांडवाच्या पडद्याच्या चुण्या अशा यायच्या, की तिथं कधी कुणी उभं होतं असं वाटू नये.

सुलेखाकाकूंना मात्र या कलेचं कौतुक नाही. "आमच्या लग्नाच्या फोटोतून यांनी माझ्या मामाला काढून टाकलं," त्या आल्यागेल्याला सांगतात. "मामा जिवंत असताना!"

"अगं, त्याच्या तोंडात विडी होती."

"विडी पुसायची ना मग. अख्खा मामा कशाला?"

काका ज्या उस्तादाकडं शिकले त्यानं एकच नियम घालून दिला होता. कागदावरचा फोटो गिऱ्हाइकाचा, त्याचं तो काय वाटेल ते करो. निगेटिव्ह म्हणजे अमानत, तिला हात लावायचा नाही आणि ती फेकायची नाही. काका तो नियम संगणकावरही पाळत. कुणाला पुसायचं झालं तर वेगळ्या प्रतीतून. मूळ फोटो तसाच राहायचा, आणि त्याला ते निगेटिव्हच म्हणायचे.

हा संगणक पुण्याच्या मुलाचा, ऋतुराजचा. त्यानं नवा घेतला तेव्हा जुना बापाला दिला. काकूंनी त्याचं नाव 'धाकटी' ठेवलं आहे. काका दुपारभर तिच्यापुढं बसतात म्हणून. त्यात पंधरा वर्षांची लग्नं फोटोंच्या ॲपमधल्या एका लायब्ररीत लावलेली, घराण्यांच्या नावानं. धाकटी इंग्रजीत काही म्हणाली की काका गॅलरीतून मला हाक मारतात, "मंजुषा, ये गं, ही काय म्हणती बघ."

या संक्रांतीला ऋतुराज दोन दिवस आला आणि जाताना संगणकाची सगळी प्रणाली नवी करून गेला. तो गेल्यावर काकांनी लायब्ररी उघडायला घेतली, तर उघडेना. जुनं ॲप नव्या प्रणालीवर चालणार नव्हतं. नवं ॲप म्हणत होतं, ही लायब्ररी आधी अपग्रेड करावी लागेल, आणि एकदा केली की मागं जाता येणार नाही. मी ते वाचून दाखवलं. काकांनी माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"मागं जाता येणार नाही म्हणती?"

"हो. पण फोटो जातील असं नाही म्हणत, काका."

"फिल्म एकदा रसायनात गेली की मागं येत नसती पोरी. त्याआधी दहादा विचार करायचा असतो. राहू दे आज."

असं 'राहू दे आज' करत फाल्गुन उजाडला.

गोजरबाई आल्या त्या दिवशी मी काकूंचा पापडाचा पाट परत द्यायला वर गेले होते. दारात एक साठीच्या बाई, पायात धुळीनं पांढऱ्या झालेल्या चपला, हातात कापडी पिशवी.

"जयभीम भाऊ. गुलमंडीवाले फोटूवाले तुम्हीच का?"

"जयभीम. होतो. आता घरीच बसून आहे. या, आत या."

"दुकानात गेलते. तिथं आता मोबाइलची कवरं विकतेत. त्या पोरानं पत्ता दिला." त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. पिशवीतून जुन्या लुगड्यात गुंडाळलेली फ्रेम काढली आणि काकांच्या मांडीवर ठेवली.

फोटो एका तरुण बाईचा होता. हिरवी साडी, हातभर चुडा, खांद्यावर नीट पिन केलेला पदर. चेहऱ्याच्या जागी मात्र पांढरा, खरबडीत कागद होता. चेहरा काचेला चिकटून निघाला होता, आणि काचेवर होता तो नुसता तांबूस पापुद्रा.

"मागच्या पावसात पत्रा गळला," गोजरबाई म्हणाल्या. "काचंच्या आत पाणी गेलं. म्या म्हटलं वाळवावा, म्हून काच वढली."

"वढायला नको होती," काका हळूच म्हणाले. "पाण्यात भिजत घालून सोडवायची असती."

"मला काय म्हाईत भाऊ."

"नाय, तुम्हाला कसं माहीत असणार."

ती त्यांची लेक निशा. एकुलती. काविळीनं गेली, त्याला आता आठ वर्षं होतील. वाळूजला कंपनीत असलेल्या साहेबरावांच्या थोरल्या मुलाला दिली होती. ती गेल्यावर जावयाचं दुसरं लग्न झालं आणि निशाची मुलगी तनुजा आजीकडं आली. अल्बम, मोबाइलमधले फोटो, सगळं सासरी राहिलं. गोजरबाईंनी मागून बघितलं, तर नवी सून यायच्या आधीच सगळं जाळलं असं उत्तर मिळालं. त्यांच्याकडं होता तो हा भिंतीवरचा एकच फोटो.

"माय गेली तवा पोरगी दोन वर्साची. तिला ठावं हाय ती माय ह्या फोटूतलीच," गोजरबाई सांगत होत्या. "रोज ह्याला सांगून साळंत जायची. आई, आज पेपर हाय. आई, आज डब्यात शेवया हायेत. परवा रातच्याला मला म्हणती, आजी, आईचं नाक कसं होतं? मला आठवना झालंय." त्या थांबल्या. "म्या सांगितलं भाऊ. पर सांगून नाक दिसतंय व्हय?"

काकू आत गेल्या आणि न विचारता चहा टाकला.

"निशाच्या धाकट्या दिराच्या लग्नात फोटूला तुम्ही होता. तिथं ती हाय. पोरगी कडंवर होती, वर्साची. मला त्यातला येक द्या. कसाबी द्या."

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, "हाय. निगेटिव्ह हाय माझ्याकडं. येत्या शनिवारी या."

गोजरबाई जिना उतरून गेल्यावर त्यांनी आम्हाला खरं काय ते सांगितलं. साहेबराव सहा-सात वर्षांपूर्वी स्टुडिओत आले होते. नवी सून यायची होती, तिनं अल्बम उघडला की जुनी समोर येणार. बरं दिसत नाही. धाकट्याच्या लग्नातल्या अकरा फोटोंत निशा होती. काकांनी चार दिवस बसून अकराही फोटोंतून तिला काढली.

"आणि पोरगी?" काकूंनी विचारलं. "ती कडेवर होती म्हणाली ना ती बाई?"

"पोरगी ठेवायची होती. ती त्यांची नात." काका भिंतीकडं बघत होते. "शेजारी सासू उभी होती. तिच्या कडेवर दिली."

काकू चहाचे कप उचलून आत गेल्या, आणि बराच वेळ नुसतंच नळाचं पाणी वाजत राहिलं.

"पण मूळ फोटो हायेत मंजुषा," काका मला म्हणाले. "हात लावलेला नाय त्यांना. लायब्ररीत रोज बघत होतो मी. चल, त्या धाकटीला काय पाहिजे ते करू दे."

अपग्रेडचं बटण त्यांनीच दाबलं. मंगळवारी सकाळी. पडद्यावर एक बारीक निळी रेघ आली आणि मुंगीच्या पावलानं सरकायला लागली. काकांनी वीज जाईल म्हणून इन्व्हर्टरचं पाणी तपासलं, काकूंना मिक्सर लावू दिला नाही, आणि खुर्ची टाकून समोर बसले.

"धाकटीचं बाळंतपण चाललंय," काकू म्हणाल्या. "बाप बाहेर बसल्यासारखे बसलेत."

रेघ बुधवारी दुपारी पोचली. मी वर गेले तेव्हा पडद्यावर सगळी लग्नं आलेली होती, बारीक बारीक चौकोनांत, पूर्वीसारखीच. काकांच्या तोंडावर हसू होतं. "बघ, एक पण गेला नाय." साहेबरावांच्या घरचं लग्न त्यांनी शोधलं आणि एक चौकोन मोठा केला. तो स्वच्छ उघडला. मांडव, पडदा, सासूच्या कडेवर बाळ. हा पुसलेला. त्याच्या शेजारचा, मूळचा, मोठा करायला घेतला. तो उघडला नाही. एक खूण आली, खाली ओळ आली. मी वाचली आणि पुन्हा एकदा वाचली, कारण ती मोठ्यानं म्हणायची मला इच्छा नव्हती.

"काय म्हणती?"

"मूळ फाइल सापडत नाही म्हणतेय. या लायब्ररीत ती ठेवलेलीच नाही, फक्त तिचा पत्ता आहे. ती बाहेर दुसऱ्या डिस्कवर आहे."

आम्ही पुण्याला फोन लावला. ऋतुराजनं दोन-चार गोष्टी करायला सांगितल्या आणि मग विचारलं, "बाबा, तुम्ही सुरुवातीला फोटो काळ्या डिस्कवर ठेवायचात ना? लायब्ररीत आणताना त्याची प्रत करायची का असं विचारतं. तुम्ही जागा वाचावी म्हणून नाही म्हटलं असणार. तुम्हाला रोज दिसायचे ते नुसते छोटे नमुने. ती डिस्क लावा, सगळं येईल. कुठंय डिस्क?"

काळी डिस्क काकांनी स्टुडिओ बंद केला तेव्हा पुसून, कोरी करून, फुलंब्रीच्या मेहुण्याला, म्हणजे कारभारीमामांना, दिली होती. त्यांच्या भजनी मंडळाला ध्वनिमुद्रणं ठेवायला हवी होती. सगळे फोटो लायब्ररीत दिसतच होते. एकाच फोटोच्या दोन प्रती कशाला, असं त्यांना वाटलं.

"कॉन्टॅक्ट शीट," काका म्हणाले. मला कळलं नाही. त्यांनी समजावून सांगितलं, शांतपणे, जणू काम शिकायला आलेल्याला सांगावं तसं. निगेटिव्हच्या मापाचे बारके ठसे एका कागदावर छापतात, कोणता फोटो निवडायचा ते बघण्यापुरते. त्याचा मोठा फोटो होत नाही. "इतकी वर्षं मी कॉन्टॅक्ट शीट बघत होतो गं. आणि निगेटिव्ह दिली भजनाला."

ज्या फोटोंत काकांनी काही पुसलं होतं, तेवढे लायब्ररीत मोठ्या मापात होते, कारण ते त्यांनी तिथंच तयार केले होते. ज्यांना हात लावला नव्हता त्यांचे उरले होते नमुने. निशाच्या अकरा मूळ फोटोंचंही तेच. ज्या नमुन्यात ती सगळ्यांत जवळ होती तो काकांनी निवडला. त्यातही ती तांदळाएवढीच होती. काकांनी तो मोठा करून बघितला. चेहऱ्याच्या जागी गव्हाळ रंगाचे सहा-सात चौकोन आले.

गुरुवारी फुलंब्रीहून डिस्क आली. शुक्रवारी काका ती घेऊन दोन दुकानं फिरले. दोन्हीकडं एकच उत्तर, तिच्यावर इतक्यांदा भरलंय-पुसलंय की आता खालचं काही निघणार नाही. तिथून ते वाळूजलाही जाऊन आले, मला नंतर कळलं. साहेबरावांनी दारातूनच सांगितलं, घरात तसला एकही कागद नाही, आणि झालेलं आता कशाला उकरता.

शनिवारी गोजरबाई आल्या तेव्हा नीट विंचरून, धुतलेलं लुगडं नेसून आल्या होत्या. पिशवीत नवी फ्रेम होती, गावाकडूनच घेतलेली.

काकांनी त्यांना संगणकापुढं बसवलं आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. साहेबराव आले ते सांगितलं, आपण चार दिवस काय केलं ते सांगितलं, डिस्क सांगितली. मग तो स्वच्छ फोटो उघडला.

गोजरबाई पुढं वाकून बघत राहिल्या. "पोरगी हाय," त्या म्हणाल्या. "माझी तनू हाय ही. टोपडं म्याच शिवलतं." मग बोट थांबलं. "ही कुणाच्या कडंवर हाय?"

"सासूच्या. मीच दिली."

"आन ती कुठं हुती?"

काकांनी पडद्यावर बोट ठेवलं, मांडवाच्या पिवळ्या कापडावर, दोन चुण्यांच्या मध्ये. गोजरबाईंनी त्या जागेकडं खूप वेळ बघितलं. रागावतील असं मला वाटलं होतं, आणि मला वाटतं काकांनाही ते हवं होतं. त्या इतकंच म्हणाल्या, "लई सफाईनं केलंय भाऊ."

काकूंनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी तो झटकला नाही, पण मान वर केली नाही.

"दुसरा काहीच फोटो नाय का?" काकांनी विचारलं. "लहानपणचा, कसलाबी?"

गोजरबाईंनी कमरेचा बटवा काढला. त्यात निशाचं नववीचं शाळेचं ओळखपत्र होतं. दोन वेण्या, रिबिनी, आणि हनुवटीवर शाळेच्या गोल शिक्क्याची जांभळी शाई. "हा हाय. पर पोरगी ह्याला आई म्हणंना. म्हणती, ही तर ताई हाय."

काकांनी त्याचा फोटो काढून ऋतुराजला पाठवला. त्यानं तो एका ॲपमधून मोठ्या वयाचा करून घेतला, आणि अर्ध्या तासात पडद्यावर एक बाई आली. पंचविशीची, गोरी, गालावर उजेड पडलेला.

"ही कोण?" गोजरबाई म्हणाल्या. "शिरेलमधली वाटती."

"थांबा," काका म्हणाले. "तुम्ही सांगा, मी दुरुस्त करतो. नाक?"

"नाक बसकं. नाय, येवढं नाय. हां."

"रंग?"

"माझ्यावानी. सावळा. कपाळ मोठं हुतं. डावी भिवई जरा मधीच तुटल्यावानी, ल्हानपणी पडली हुती."

दोन तास तसे गेले. मी खाली जाऊन पोळ्या टाकून आले तरी त्यांचं चाललेलंच होतं. काकांचा हात मी पहिल्यांदाच असा बघितला, कुणाला घालवायला नाही, आणायला. एकेक केसाएवढी रेघ. पडद्यावर हळूहळू कुणीतरी सावळी, रुंद कपाळाची, जरा दमलेली बाई बघायला लागली. शेवटी गोजरबाई सांगायच्या थांबल्या. काकांनी हात मागं घेतला.

"अशी हुती," गोजरबाई म्हणाल्या. डोळ्याला पदर लावला. "अशीच हुती."

काकूंनी निःश्वास टाकला. काकांनी छपाई यंत्रात कागद घातला.

"नका छापू," गोजरबाई म्हणाल्या.

"का हो? काय चुकलं? सांगा, अजून—"

"चुकलं नाय. म्या सांगितलं तशी झाली. पर माझं तरी काय खरं भाऊ? आठ वर्सं झाली. भिवई डावी का उजवी, दोनदा तर मीच गडबडले. आता ही भितीवर लावली, तर पोरगी जल्मभर हिलाच माय म्हणंल. मग माझी निशा कुठं ऱ्हायची?" त्यांनी पडद्याकडं बघितलं नाही. "हिला जाऊ द्या. मला ते कारडच मोठं करून द्या. ती तरी खरी हाय. चार-पाच वर्सात लेक मायपरीस मोठी दिसंल, दिसू द्या. समजंल तिचं तिला."

काकांनी ओळखपत्र भिंगाखाली धरलं, संगणकात घेतलं, मोठं केलं. चेहरा आला, दाणेदार, पण चेहरा. सवयीनं त्यांचा हात हनुवटीकडं गेला.

"हा शिक्का तेवढा काढून देतो. दोन मिनिटांचं काम आहे."

"ऱ्हाऊ द्या भाऊ," गोजरबाई म्हणाल्या. "आता काही पुसू नका."

शाईच्या शिक्क्यासकट फोटो छापला. काकांनीच तो फ्रेममध्ये बसवला, आणि काच लावताना कडेला जाड पुठ्ठ्याची चौकट घातली, म्हणजे कागद काचेला टेकणार नाही. काकूंनी तनुजासाठी लाडू बांधून दिले. आम्ही गोजरबाईंना रिक्षात बसवायला खाली उतरलो. फ्रेम त्यांनी पदराखाली छातीशी धरली होती, उन्हापासून जपत.

रिक्षा वळून गेली तरी काका रस्त्याच्या कडेलाच उभे होते. डोक्यावर रणरणतं ऊन. मी म्हटलं, "काका, वर चला."

"मंजुषा," ते म्हणाले, "चार दिवस मी त्या पोरीच्या चेहऱ्यावरच काम करत होतो गं. अकरा फोटो. इतक्या जवळून तिच्या आईनंसुद्धा बघितली नसंल तिला." त्यांनी खिशातलं भिंग चाचपलं आणि सोडून दिलं. "आज दोन तास ती बाई सांगत होती, मी मान डोलावत होतो. पण मला खरंच आठवत नाय, ती कशी होती."